मोटारीची निगा : व्यापारी कुटुंबांस उपयुक्त असे काही विचार

धान्याचा व्यापार करणाऱ्या गृहस्थास माल सांभाळण्याची विद्या निराळी शिकवावी लागत नाही. थप्पी भिंतीला टेकू देऊ नये, पोती उघड्या फरशीवर न ठेवता खाली फळ्या घालाव्यात, दाणा दाताखाली फोडून त्यातील ओल ओळखावी, अधूनमधून थप्पी हलवून किडा लागला आहे काय ते पाहावे, ह्या गोष्टी तो लहानपणी वडिलांच्या शेजारी गादीवर बसून शिकलेला असतो. परंतु त्याच गृहस्थाच्या दारात दहा-बारा लक्ष रुपयांची मोटार उभी असते, आणि तिचे बॉनेट वर्षातून एकदा, तेही गॅरेजमध्ये व दुसऱ्याच्या हाताने उघडले जाते. दोन-अडीच हजारांच्या पोत्याविषयी आपण जी दक्षता बाळगतो, ती ज्या वाहनात आपली मुलेबाळे बसतात त्या वाहनाविषयी बाळगीत नाही, हे नवल होय. यास्तव ह्या वर्षीच्या स्मरणिकेत बाजारभाव व करपद्धती हे नित्याचे विषय अधिकारी लेखकांवर सोपवून आम्ही मोटारीच्या निगेविषयी चार शब्द लिहिण्याचे योजिले आहे. आम्ही यंत्रशास्त्राचे पदवीधर नव्हे. तथापि अडतीच्या धंद्यात राहून चाळीस वर्षे मोटारी वापरल्या, चालकांशी व मेस्त्रींशी बोलून त्यांची कारणे जाणून घेतली, आणि जे उपयोगी ठरले तेच येथे सांगत आहोत.

पूर्वपीठिका

मोटारीची निगा ही मोटारीइतकीच जुनी आहे. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. परंतु लोकांचा त्या यंत्रावर विश्वास बसेना. तेव्हा १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात त्यांच्या पत्नी बर्था बेंझ ह्या आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन मॅनहाइमहून फोर्झहाइम येथे माहेरी निघाल्या. शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो प्रवास होता. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी टोपीला लावावयाच्या लांब टाचणीने मोकळी केली. इंधन संपत आले तेव्हा वीसलॉख गावच्या औषधाच्या दुकानातून ते विकत घेतले. उतारावर ब्रेकचे लाकडी ठोकळे झिजू लागले, तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. आज आपण ज्यास ब्रेकचे अस्तर म्हणतो त्याचा आरंभ असा एका गृहिणीच्या व्यवहारज्ञानातून झाला. आपल्या घरातील भगिनींनी 'हा पुरुषांचा प्रांत' असे म्हणून हा लेख उलटून टाकू नये, एवढ्याचसाठी ही हकीकत प्रथम सांगितली.

आपल्या देशात मोटारी बांधण्याच्या उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत आपल्याच समाजातील सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट गाड्या पुढे अनेक व्यापारी कुटुंबांच्या दारात दिसू लागल्या. त्या फियाटची अथवा अँबॅसडरची सेवा मालकास स्वतः करावी लागे. प्लग साफ करणे, कार्बोरेटर उघडून फुंकणे, रेडिएटरात सकाळी पाणी घालणे ही कामे चालकाच्या अंगवळणी पडलेली असत. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आजच्या मोटारीत कार्बोरेटर नाही, इंधनाचे माप संगणक ठरवितो, आणि गाडी महिनोन्महिने कुरकुर न करता चालते. ह्या गुणातच एक धोका दडलेला आहे. जे यंत्र तक्रार करीत नाही, त्याकडे मालक पाहत नाही. आणि जेव्हा ते तक्रार करते, तेव्हा ती पुष्कळदा घाटात, रात्री, पावसात करते.

इंजिनातील तेल

इंजिनाच्या आत लोखंडावर लोखंड घासते. त्या दोहोंमध्ये तेलाचा पातळसा पडदा असतो, म्हणून इंजिन टिकते. हे तेल घर्षण कमी करते, उष्णता वाहून नेते आणि जळणाची काजळी आपल्यात धरून ठेवते. यास्तव तेल पाहणे हे पहिले कर्तव्य होय. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन थंड असता किंवा बंद करून दहा मिनिटे लोटल्यावर, तेलाची पट्टी बाहेर काढावी, स्वच्छ फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढावी आणि मग पाहावे. खालच्या व वरच्या खुणांच्या दरम्यान तेल असले म्हणजे झाले. खालच्या खुणेच्या खाली असल्यास तत्काळ भरावे. परंतु वरच्या खुणेच्या वर भरू नये, कारण जादा तेल फिरत्या दांड्याकडून घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेसात वंगणाचा गुण राहत नाही.

तेल काळे झाले म्हणजे ते वाया गेले, असा एक समज आहे. डिझेल गाडीत नवे तेल घातल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. तो त्याचा दोष नसून ते आपले काम करीत असल्याची खूण आहे. मात्र तेल दुधाळ, कॉफीसारखे दिसले तर त्यात पाणी मिसळत आहे असे समजून गाडी न चालविता मेस्त्रीस बोलवावे. आजच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांत दहा हजार किलोमीटर अथवा एक वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, तेल बदलण्यास सांगितलेले असते. येथे 'अथवा एक वर्ष' ह्या शब्दांकडे आपले लोक दुर्लक्ष करितात. घर ते अडतदुकान आणि दुकान ते घर, असे रोजचे चार किलोमीटर चालणारी गाडी वर्षात दीड हजार किलोमीटरही जात नाही. परंतु अशा गाडीचे इंजिन पुरते तापत नाही, आत आलेली वाफ व इंधनाचा अंश उडून जात नाही, आणि तेल न चालताही खराब होते. गोदामात पडून राहिलेले धान्य विकले गेले नाही म्हणून ताजे राहत नाही, तसेच हे आहे.

थंड ठेवणारे पाणी

आपण त्यास सवयीने 'रेडिएटरचे पाणी' म्हणतो. वस्तुतः ते शुद्ध पाणी व एक रसायन यांचे मिश्रण असते. त्यायोगे उकळण्याचा अंश वर जातो आणि आतील धातूस गंज चढत नाही. विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी त्यात घातले तर चहाच्या किटलीत जसा पांढरा थर बसतो तसा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. यास्तव बाजारात तयार मिळणारे, आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंटच वापरावे. अडीअडचणीत साधे पाणी घालणे भागच पडले, तर गावी पोहोचताच ते काढून टाकून योग्य मिश्रण भरून घ्यावे.

दोन सूचना येथे मोठ्या अक्षरांत लिहाव्यात अशा आहेत. पहिली ही की, इंजिन तापलेले असता रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरविताच दाब सुटतो, पाण्याची एकदम वाफ होते, आणि ती थेट तोंडावर व हातावर येते. काटा लाल रेघेकडे जाऊ लागला की वातानुकूलन बंद करावे, गाडी बाजूस घेऊन इंजिन थांबवावे आणि निदान अर्धा तास स्वस्थ बसावे. दुसरी सूचना ही की, ह्या रसायनाची चव गोडसर असते व ते विषारी असते. त्याचा डबा मुलांच्या हातास लागेल असा ठेवू नये. गळून जमिनीवर साचलेले थेंब धुऊन टाकावेत, नाहीतर कुत्री-मांजरे ते चाटून प्राणास मुकतात. अंगणात हिरवे अथवा गुलाबी थेंब दिसले तर ती गळती आहे असे समजावे. वातानुकूलनाचे स्वच्छ पाणी ठिबकते, त्याची मात्र भीती बाळगू नये.

ब्रेक आणि घाट

आपले बेळगावचे व्यापारी कोकण-गोव्याकडे चोर्ला किंवा आंबोली घाटाने उतरतात. ह्या रस्त्यांवर मोटारीचा जो भाग आपले प्राण राखतो, त्याच्याविषयी आपणांस सर्वांत कमी माहिती असते.

आपण पायाने दाबलेला जोर एका द्रवाच्या द्वारे चाकांपर्यंत पोहोचतो. ह्या ब्रेकच्या तेलाचा स्वभाव हवेतील ओल शोषून घेण्याचा आहे. पावसाळ्यात गूळ जसा पाझरतो, मीठ जसे ओले होते, तसेच हे तेलही वर्षागणिक ओल धरीत जाते. त्याचा परिणाम आकड्यांनीच पाहावा. 'डॉट ४' ह्या प्रतीचे कोरे तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळता कामा नये असा नियम आहे. परंतु त्यात पावणेचार टक्क्यांच्या जवळपास पाणी मुरले की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. 'डॉट ३' प्रतीत हेच आकडे २०५ व १४० आहेत. लांब उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवला म्हणजे चाकांजवळची उष्णता वाढत जाते, ओल धरलेले तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ ही दाबली जात असल्यामुळे पाय तळापर्यंत जातो, पण गाडी थांबत नाही.

आमच्या परिचयातील एका सद्गृहस्थांवर हा प्रसंग ओढवला होता. गाडी सहा वर्षांची, बाहेरून लखलखीत, आत नवी गादीकव्हरे. परंतु ब्रेकचे तेल खरेदीच्या दिवसापासून बदललेले नव्हते. कुटुंबातील पाच माणसे घेऊन गोव्याकडे उतरत असता ब्रेकचे पायडल मऊ पडले. चालक वयस्क व शांत होता. त्याने गिअर क्रमाने खाली आणले, पायडल भराभर दाबून-सोडून जो थोडा दाब मिळाला तो घेतला, हातब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूस घेऊन थांबविली. पाचही जण सुखरूप घरी आले. नंतर मेस्त्रीने जे तेल बदलले, त्याचा मजुरीसह खर्च त्या गादीकव्हरांच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता.

म्हणून नियम असा करावा : ब्रेकचे तेल साधारणतः दोन वर्षांनी, अथवा पुस्तिकेत सांगितले असेल त्याप्रमाणे, बदलावे. फोडलेल्या बाटलीतील उरलेले तेल पुढील वर्षासाठी ठेवू नये. ब्रेक लाविताना खरखर किंवा किंचाळल्यासारखा आवाज येणे, गाडी एका बाजूस ओढणे, पाय नेहमीपेक्षा खोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर दुसऱ्या दिवसावर टाकू नये. आणि घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरात उतरावे. ब्रेक थोडा दाबावा, सोडावा, पुन्हा दाबावा. पेट्रोल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिन बंद करणे, ही सवय कोणास असेल तर त्याने ती आजच टाकावी. इंजिन बंद झाले की ब्रेकला व सुकाणूला मिळणारी मदत नाहीशी होते. आणि आजच्या गाड्या गिअरात उतरताना इंधनाचा पुरवठा आपोआप तोडीत असल्यामुळे बचत म्हणावी तर तीही होत नाही.

चाके

एवढी मोठी मोटार. परंतु प्रत्येक चाकाचा तळहाताएवढाच भाग रस्त्यास टेकलेला असतो. तासी ऐंशी किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे बावीस मीटर जाते. हा सर्व वेग आवरावयाचा तो त्या चार तळहातांच्या आधारावर.

हवा पंधरवड्यातून एकदा व प्रत्येक लांबच्या प्रवासापूर्वी तपासावी, आणि ती टायर थंड असता तपासावी. किती पौंड हवा भरावयाची हे पंपावरच्या मुलाने ठरवावयाचे नाही. ते चालकाच्या दाराजवळच्या खांबावर चिकटविलेल्या पट्टीवर लिहिलेले असते, आणि भरलेल्या गाडीसाठी निराळा आकडा दिलेला असतो. लांब चालून आल्यावर तीन-चार पौंड हवा अधिक दिसते. ती उष्णतेने वाढलेली असते, म्हणून काढून टाकू नये. हवा कमी असल्यास टायरच्या बाजू वाकून-वाकून तापतात आणि उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटतो. अधिक असल्यास मधला भाग झिजतो व पकड कमी होते.

टायरच्या खाचांत लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. झीज त्यांच्या बरोबरीस आली की टायर संपला. परंतु आमच्याकडील पाऊस पाहता त्याच्या आधीच बदलणे शहाणपणाचे, कारण खाचा उथळ झाल्या म्हणजे पाणी बाहेर फेकले जात नाही व चाक पाण्यावर तरंगते. टायरचे वयही पाहावे. त्याच्या बाजूस चार आकड्यांची खूण असते. उदाहरणार्थ २३२२ असे असल्यास तो २०२२ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. धान्याच्या पोत्यावरील सालाप्रमाणेच हे साल पाहूनच नवा टायर घ्यावा. पाच-सहा वर्षे झालेला टायर खाचा शिल्लक असल्या तरी जाणकारास दाखवावा. स्टेपनीतील हवा मोजावयास विसरू नये. ती लागेल तेव्हाच रिकामी सापडते.

डिकीतील माल

हा प्रश्न आपल्या धंद्यापुरता आहे. 'जाता जाता दोन पोती टाकून ने' असे म्हणणे आपल्या तोंडी सहज येते. पन्नास किलोची तीन पोती म्हणजे दीडशे किलो. त्यावर घरातील पाच माणसे बसली की गाडी मागे दबते, पुढचे दिवे वर उचलले जाऊन समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि थांबण्यास लागणारे अंतर वाढते. मागील आसनावर मोकळे ठेवलेले पोते जोराचा ब्रेक लागताच पुढील माणसाच्या पाठीवर आदळते. माल नेण्यासाठी टेंपो आहे. त्याचे भाडे वाचविण्यात नफा नाही. पुढे बसणाऱ्यांप्रमाणेच मागे बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावा. वडीलधाऱ्यांस तो जाचक वाटतो हे आम्ही जाणतो. परंतु त्यांनी बांधला म्हणजे नातवंडे न सांगता बांधतात.

धूळ, भूस आणि उंदीर

धान्याच्या पेठेत उभी राहणारी गाडी आणि डॉक्टरांच्या दवाखान्यासमोर उभी राहणारी गाडी, ह्यांस एकच नियम लावता येत नाही. आपल्याकडे हवेत सदोदित भूस, तूस व बारदानाचे तंतू उडत असतात. ते इंजिनाच्या हवेच्या जाळीत व रेडिएटरच्या पंख्यांत अडकतात. जाळी तुंबली की इंजिनाचा श्वास कोंडतो व इंधन अधिक जळते; रेडिएटर तुंबला की इंजिन तापते. पुस्तिकेत हवेच्या जाळीची जी मुदत दिली असेल, ती धुळीच्या जागी कमी धरावी आणि सुगीच्या महिन्यांत महिन्यातून एकदा पाहावी. कागदी जाळी पाण्याने धुऊ नये.

दुसरा शत्रू उंदीर. जेथे धान्य तेथे उंदीर, आणि थंडीच्या रात्री उबदार इंजिनासारखी जागा त्यास दुसरी नाही. तो तारा कुरतडतो, आणि आजच्या गाडीत तारा म्हणजे तिच्या नसाच असल्यामुळे दुरुस्तीचा आकडा ऐकून मालकास घाम फुटतो. आपल्या आचारात विष घालणे बसत नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. विष खाल्लेला उंदीर पुष्कळदा इंजिनातच जाऊन मरतो. प्रथम गाडीतील दाणा नाहीसा करावा : नमुन्याच्या पुड्या, मुलांच्या खाऊचे कण, डिकीतील सांडलेली ज्वारी. गाडी गोदामाच्या भिंतीस लागून, कचऱ्याजवळ किंवा रिकाम्या बारदानाच्या ढिगाजवळ लावू नये. खालून येण्याच्या वाटा बारीक लोखंडी जाळीने मेस्त्रीकडून बंद करून घ्याव्यात. गाडी दोन-तीन दिवस उभी राहणार असेल तर बंद अंगणात बॉनेट उघडे ठेवावे. उजेड व वारा असलेली जागा त्यास आवडत नाही. पिंजरा लावून सापडलेला उंदीर दूर सोडून यावा. निपाणीकडे इंजिनाजवळ तंबाखूची पाने ठेवण्याचा प्रघात आहे. वास ताजा असेतो त्याचा उपयोग होत असेल. परंतु वाळलेले पान तापलेल्या धुराड्यावर पडल्यास आगीचे निमित्त होते, म्हणून आम्ही त्याचा सल्ला देत नाही.

बॅटरी

स्वस्थ बॅटरी गाडी बंद असता १२.६ व्होल्टच्या आसपास दाखविते, १२.२ ला ती अर्धी उतरलेली असते. इंजिन चालू असता आकडा साधारण १४ असावा. तीन ते पाच वर्षे हे तिचे सामान्य आयुष्य आहे. चार किलोमीटरांच्या फेऱ्यांत ती पुरती भरत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा गाडी निदान अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवावी. टोकांवर जमणारी पांढरी-निळी भुकटी कोमट पाण्याने व खाण्याच्या सोड्याने पुसावी आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. तार सोडविताना ऋण टोक प्रथम व जोडताना शेवटी, हा क्रम चुकवू नये.

इंधनाविषयी

पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने २०२५ साली गाठले. हे इथेनॉल ऊस, मळी, मका व तुकडा तांदूळ यांपासून होत असल्यामुळे मक्याच्या भावाकडे पाहणाऱ्या आपल्यासारख्यांस ते अपरिचित नाही. इथेनॉलमध्ये लिटरमागे शक्ती कमी असल्यामुळे मायलेज काहीसे घटते. एप्रिल २०२३ पासून निघालेल्या नव्या गाड्या ह्या मिश्रणास सोसतील अशा रीतीने बांधल्या आहेत. जुन्या गाड्यांच्या मालकांनी इंधनाच्या रबरी नळ्या प्रत्येक सर्व्हिसच्या वेळी तपासून घ्याव्यात. इथेनॉल पाणी शोषते, म्हणून गाडी महिनाभर अर्ध्या टाकीने उभी करून ठेवू नये.

ज्यांच्याकडे एप्रिल २०२० नंतरची डिझेल गाडी आहे, त्यांस एक विशेष सूचना. अशा गाडीच्या धुराड्यात काजळी अडविणारी गाळणी असते. जमलेली काजळी ती स्वतःच जाळून टाकते, परंतु त्यासाठी धुराडे पुष्कळ तापावे लागते आणि ते काही वेळ सलग, वेगाने चालविल्याशिवाय तापत नाही. जिची फेरी बाजारपेठेपलीकडे जात नाही, तिची गाळणी तुंबते व दिवा लागतो. दिवा लागताच महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे गाडी चालवून आणावी. दुर्लक्ष केल्यास मोठा खर्च येतो. गावातल्या गावात फिरण्यासाठी नवी गाडी घेणाऱ्याने डिझेलचा विचार न करणे बरे. विजेची गाडी घेणाऱ्यांनीही निश्चिंत होऊ नये. तीत इंजिनाचे तेल नसले तरी टायर, ब्रेकचे तेल व लहान बॅटरी ही असतातच.

पावसाळा

मृगाच्या आधी वायपरची रबरे बदलावीत, सर्व दिवे पाहावेत, गाडीच्या तळाचा चिखल-गंज धुऊन घ्यावा. धुक्यात दिवे खालच्या झोतावर ठेवावेत. चारही इशारे लावून गाडी चालविण्याची जी नवी चाल पडली आहे ती चुकीची आहे, कारण मागच्यास आपण वळतो आहोत की थांबलो आहोत हे कळत नाही. ओढ्याचे पाणी रस्त्यावरून वाहत असेल व तळ दिसत नसेल, तर परत फिरावे. पाण्यात इंजिन बंद पडले तर किल्ली पुन्हा फिरवू नये. आत शिरलेले पाणी दाबले जात नाही व इंजिनाची दांडी वाकते. न फिरविल्यास दुरुस्ती हजारांत होते, फिरविल्यास लाखांत. पाण्यातून बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलकेच दाबून वाळवून घ्यावेत.

लाल दिवा, पिवळा दिवा

समोरील फलकावरील दिव्यांचा अर्थ घरातील गाडी चालविणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असावा. लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे लवकर दाखवा. तेलाच्या बुधलीचे लाल चित्र पेटले तर घर जवळ आले म्हणून पुढे जाऊ नये. त्याच मिनिटास इंजिन बंद करावे.

नोंदवही

आपण व्यापारी आहोत. जे लिहिले नाही ते घडले नाही, हे आपल्या रोजमेळाचे तत्त्व. मोटारीसाठी दोन रुपयांची का होईना, एक स्वतंत्र वही घालावी. तीत तारीख, किलोमीटर, भरलेले इंधन, केलेले काम, बदललेला भाग व दिलेली रक्कम लिहावी. टाकी पूर्ण भरून पुढील वेळी पुन्हा पूर्ण भरावी, आणि मधल्या किलोमीटरांस लिटरांनी भागावे. मायलेज एकाएकी घटले की हवा, जाळी किंवा ब्रेक यांपैकी काही बिघडले असे ती वही बोलून दाखविते. त्याच वहीच्या पहिल्या पानावर विमा, प्रदूषण प्रमाणपत्र, चालकाचा परवाना व नोंदणी यांच्या मुदती लिहाव्यात. नव्या गाडीस पहिले वर्ष प्रदूषण प्रमाणपत्र लागत नाही. नंतर ते वेळच्या वेळी घ्यावे. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. विम्याची मुदत एका दिवसाने चुकली आणि त्याच दिवशी अपघात झाला, तर दुसऱ्याच्या जिवाची भरपाई मालकाच्या दुकानावर येते.

चालक

शेवटची व आमच्या मते सर्वांत मोठी गोष्ट चालकाची. ज्याच्या हाती आपण आपले कुटुंब देतो, त्यास रात्री दोन वाजेपर्यंत जागवून पहाटे पाचला श्रवणबेळगोळच्या वाटेस लावणे हे शहाणपणाचेही नाही आणि न्यायाचेही नाही. यात्रेच्या मुक्कामी आपण धर्मशाळेत निजतो, तेव्हा त्याच्या निजण्याची, जेवणाची सोय काय आहे हे मालकाने स्वतः विचारावे. दर दोन तासांनी गाडी थांबवावी. 'ब्रेक जरा मऊ लागतात, शेठ' असे चालक म्हणाला, तर 'पुढच्या महिन्यात पाहू' हे उत्तर देऊ नये. कारण पुन्हा सांगण्याचे धैर्य त्यास होत नाही. आणि घरातील तरुण मुले स्वतः गाडी चालवीत असतील, तर किल्ली त्यांच्या हाती देण्यापूर्वी चाक बदलणे, तेल पाहणे व कूलंट ओळखणे एवढे तरी त्यांच्याकडून करवून घ्यावे. कन्यांसही हे शिकवावे.

वाचकांच्या सोयीसाठी सारांश देतो. दररोज : गाडीभोवती एक फेरी, टायरांवर व जमिनीवरील थेंबांवर दृष्टी. दर आठवड्यास : तेल, कूलंट, वायपरचे पाणी, सर्व दिवे. दर पंधरवड्यास : हवा, स्टेपनीसह. दर महिन्यास : हवेची जाळी, बॅटरीची टोके, बॉनेटखालील तारा. दर वर्षास : इंजिनाचे तेल व संपूर्ण तपासणी. दर दोन वर्षांस : ब्रेकचे तेल.

ह्या सर्वांस आठवड्यातून पाव तास पुरे. रविवारी सकाळी पेठ बंद असते, वर्तमानपत्र वाचून झालेले असते; त्या वेळी नातवास बरोबर घेऊन बॉनेट उघडावे. दिवाळीस आपण मोटारीस हार घालतो व तिची पूजा करितो, ते योग्यच आहे. परंतु उरलेल्या दिवसांत तिची जी निगा राखावयाची, ती हार घालून पुरी होत नाही. सर्व सभासद कुटुंबांचे प्रवास सुखरूप होवोत, अशी सदिच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी ठेवितो.